जोतं पुढच्या घरापेक्षा वर

आत्याबाई, आज सकाळी तुमचं रामफळाचं झाड पाडलं. खोडाला दोर बांधला, कुऱ्हाडीचे घाव पडले आणि झाड परसात आडवं झालं. मी कंपनीच्या कॅन्टीनमधून रजा काढून मुद्दाम समोर उभी राहिले होते. फळं अजून कच्ची होती. काही दगडावर आपटून फुटली, काही गडगडत न्हाणीपर्यंत गेली. धाकटी, म्हणजे तुमची लाडकी सून, माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, पिकंपर्यंत थांबलो असतो तर?" मी म्हटलं, "नाय. एक दिस पन नाय." आणि ते म्हणताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुम्हालाच सांगायला हवं म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला आत्याबाई म्हणायचं, हेसुद्धा तुम्हीच ठरवलं होतंत. लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी मी तुम्हाला आई म्हटलं, तर तुम्ही पिठाचा हात वर करून मला थांबवलंत. "आई तुजी तुज्या म्हायेरी. मी सासू हाय. आत्याबाई म्हन." मी म्हणाले. तुम्ही जाईपर्यंत म्हणत राहिले, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात तेच येतं.

त्या झाडावर माझा राग का, हे तुम्हाला माहीत आहे, पण एकदा नीट मांडूनच टाकते. तुमचा थोरला मुलगा, माझा नवरा, पस्तिशीही न गाठता गेला. सकाळी खोपोलीला कामावर जायला निघाला, छातीला हात लावून ओटीवर बसला आणि उठला नाही. तेराव्याचं जेवण झालं त्या दुपारी तुम्ही गावातली चार शहाणी माणसं ओटीवर बसवलीत. मी आत चुलीपाशी उभी आहे. मुलगी कडेवर आहे, तिला कशाचंच काही कळत नाही, ती माझ्या गळ्यातली पोत शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही. बाहेर तुमचा आवाज येतो. रडून बसलेला नाही, चांगला खणखणीत आहे. "घर धाकट्याचं. त्याचं लगीन व्हायचं हाय, त्याला घर लागंल. हिला परसू देते, आन परसातला गोठा. ऱ्हायाचं तर ऱ्हा म्हनावं, नायतर म्हायेरी जा." कोणीतरी खाकरलं आणि म्हणालं, आत्या, गोठ्यात पोरीला घेऊन कशी ऱ्हाईल ती? तुम्ही म्हणालात, "बैलं ऱ्हायलीच का नाय?"

माहेरी जाण्यासारखं माहेर मला उरलं नव्हतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. मी गोठ्यात गेले. बैल विकून वर्ष होऊन गेलं होतं, पण जमिनीत मुताचा वास मुरला होता. मी ती जमीन हातभर उकरून काढली, मुरूम आणून भरला, चोपला, सारवला. तरी दमट दिवसात तो वास वर यायचाच. माझी मुलगी शाळेतून येऊन विचारायची, आई, माझ्या दप्तराला वास येतो का गं? मी म्हणायचे, नाही. ती दप्तर बाहेर रामफळाच्या फांदीला अडकवून ठेवायची. तुम्ही तिथून ते काढून खाली ठेवायचात. फांदी मोडेल म्हणून.

कारण झाडं तुमची होती. परसू मला दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही टोपली घेऊन आलात, कढीलिंब तोडलात, वालाच्या शेंगा काढल्यात, आणि मी बघत उभी आहे हे बघून म्हणालात, "जमीन तुजी, झाडं माजी." त्यानंतर रोज. मी चूल पेटवत असायचे आणि तुम्ही माझ्या दारावरून आळवाची पानं, शेवग्याच्या शेंगा, पिकली तेव्हा रामफळं घेऊन जायचात. मुलीनं एकदा खाली पडलेलं एक फळ उचललं, तर तुम्ही ते तिच्या हातातून घेऊन पदराला पुसलंत आणि टोपलीत टाकलंत. तिला ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी तरी काही बोलले असते.

तुम्ही मला एकच वस्तू दिलीत, ती म्हणजे गोठ्याचं दार. पहिले काही महिने मी गोणपाट लावून राहत होते. मग कुत्री आत शिरायला लागली, तेव्हा तुम्ही न्हाणीघराचं जुनं दार काढून मला दिलंत. गावात सगळ्यांना सांगितलंत, दार दिलं म्हणून. त्या दाराला कडी बाहेरून होती, आतून नव्हती. मी सुतळीनं बांधून झोपायचे. आणि एक दिवस श्रावणात गोठा इतका गळायला लागला की कोरडी जागा फक्त मुलीपुरती उरली. पुढच्या घराची शाकारणी नुकतीच झाली होती, उरलेली कौलं भिंतीला लावून रचून ठेवलेली होती. मी पदर डोक्यावर घेऊन तुमच्या मागच्या दाराशी आले आणि म्हटलं, आत्याबाई, थोडी कौलं द्या, पोरगी भिजते. तुम्ही पाटावर बसून भाजी निवडत होतात. वर बघितलं नाहीत. म्हणालात, "कौलं घरावर घालायची असतात. गोठ्यावर पेंढा टाक."

हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल! कॅन्टीनमध्ये कणीक मळताना, चपात्यांचा ढीग लावताना, पहिल्या पाळीची गाडी पकडायला हायवेपर्यंत चालत जाताना. बाकी सगळं सहन झालं, नळ आला तेव्हा मला हंडा शेवटी भरायला लावायचात तेही, माझ्याकडे कोणी बाई आली की ओटीवरूनच तिला हाक मारून बसवून घ्यायचात तेही. पण ते एक वाक्य नाही पचलं. घर आणि गोठा यात मी कुठे बसते हे तुम्ही दोन शब्दांत सांगून टाकलंत, आणि पुन्हा भाजी निवडायला लागलात.

आता गंमत ऐका. हे परसू कायद्यानं माझं झालं ते तुमच्यामुळेच. ग्रामपंचायतीचा माणूस घरपट्टीची नोंद करायला आला होता, तेव्हा तुम्हीच ओटीवरून ओरडलात, "मागचं तिच्या नावानं टाका. पट्टी तिलाच भरू दे, माज्या पोराच्या डोक्याव नको." त्यानं लिहिलं. मी दर वर्षी भरत गेले, पावत्या जपून ठेवल्या. मग मध्यंतरी गावठाणाची मोजणी झाली, वर ड्रोन फिरला, सगळं गाव माना वर करून बघत होतं, आणि पुढे ज्याच्या त्याच्या नावाची सनद आली. माझ्या सनदेवर माझं नाव आहे. तुमचं नाही, तुमच्या धाकट्या मुलाचं नाही. मी ती देवापुढे ठेवली नाही. तुमच्या मागच्या दारासमोर उभी राहून मोठ्यानं वाचली. घरात तेव्हा कोणी नव्हतं.

घर बांधायचं मनात तेव्हाच आलं, पण हात लावला तो भाऊजींमुळे. मागच्या दिवाळीनंतर ते माझ्या दाराशी आले. तुमचा धाकटा आता थोडा सुटला आहे, केस पांढरे झालेत, खालापूरला तहसिलाच्या बाहेर कागदपत्रांची कामं करतो. पायरीवर बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "वयनी, एक पार्टी आलीय मुंबयची. पुढचं मागचं दोनी पायजे त्यांना, फारमाऊस बांधायचा हाय. नुसतं पुढचं नको म्हनतात. तुमाला शेलूला फ्लॅट भेटंल, टेशनापासून जवळ. लिफ्ट हाय. पोरीला पन बरं." मी म्हटलं, बघते. मुलगी आता नर्स आहे पनवेलला, तिथेच राहते, सुट्टीला येते. तिला हे कळल्यावर ती मला ओढतच शेलूला घेऊन गेली.

तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, मला तो फ्लॅट आवडला. स्वयंपाकघराचा ओटा माझ्या कमरेला बरोबर लागत होता. नळ उघडला तर पाणी आलं. खिडकीतून लांबवर डोंगर दिसत होते, खाली मुलं सायकली फिरवत होती, आणि कशालाच कसला वास नव्हता. दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, मावशी, बसून बघा ना. मी बसले. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. खाली उतरून रस्त्यावर आल्यावर मी तिला सांगितलं, मला नको.

"का नको?" ती म्हणाली.

"आपली जागा सोडून कोण जातं? हवा बघ इथली. माणसं अनोळखी."

"आई, हवेचं मला सांगू नकोस. त्या हवेत मी माझं दप्तर बाहेर टांगायचे." ती रस्त्यातच थांबली. "कुणाला दाखवायचंय तुला? आजी मरून किती वर्षं झाली! तिला दिसणार आहे का?"

मी पुढे चालायला लागले. चहा प्यायला बसलो तर तिनं चहाही घेतला नाही. परत येताना गाडीत ती शेवटी म्हणाली, "पैसे कमी पडले तर मी देईन. पण तू खरं बोल, एवढंच." खरं हे होतं की मला त्या परसातच घर हवं होतं, तुमच्या मागच्या दाराच्या बरोब्बर समोर, आणि तुमच्या घरापेक्षा उंच. तिला ते आधीच कळलं होतं. सगळ्यांना मी हवेचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, म्हातारपणी ओळखीची माणसं लागतात असं सांगितलं. खरं कारण फक्त तुम्हाला सांगते आहे, कारण ते फक्त तुमच्या कामाचं आहे.

मग पैशाच्या मागे लागले. कॅन्टीनच्या नोकरीत पीएफ साठला होता, घरासाठी म्हणून त्यातले काढता येतात, ते काढले. बँकेत गेले तर तिथल्या साहेबांनी सनद उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, जायला रस्ता कुठून आहे? मी म्हटलं, पुढच्या घराच्या अंगणातून. ते म्हणाले, पुढचं घर तुमचं आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. तिथेही तुम्ही आडव्या आलात, आत्याबाई. वाटणी करताना मला जमीन दिलीत, वाट दिली नाहीत. खोपोलीची पतपेढी मात्र तयार झाली, पण त्यांना दोन जामीन हवे होते. एक माझ्यासोबत कॅन्टीनमध्ये काम करणारी बाई राहिली, तिनं विचारसुद्धा केला नाही. दुसरा मिळेना. ज्याच्या त्याच्या दारी गेले. चहा सगळ्यांनी दिला. सही कोणी दिली नाही, कारण भाऊजींचा सौदा माझ्यामुळे अडलाय हे गावात माहीत झालं होतं आणि दोघा दिरा-भावजयीच्या मधे कोणाला पडायचं नव्हतं.

एका रविवारी दुपारी धाकटी आली. गळ्यात शिलाईची टेप तशीच, दोऱ्याचे तुकडे साडीला चिकटलेले. तुम्ही गेल्यावर तिनं ओटीच्या कोपऱ्यात शिलाईचं दुकान टाकलंय, चांगलं चालतं. इतक्या वर्षांत ती माझ्या उंबऱ्यावर कधी बसली नव्हती. आम्ही एकमेकींशी सणावारी बोलायचो तेवढंच. ती बसली आणि म्हणाली, "ताई, दुसरा जामीन भेटला का?"

"नाय."

"मी ऱ्हाते."

मला वाटलं चेष्टा करते. "भाऊजी काय म्हनतील?"

"त्यांना कशाला इचारायचं? पतपेढीची सभासद मी हाय. रोजची पिग्मी मी भरते." मग म्हणाली, "हे बघा, मी काय साधुसंत नाय. ते पुढचं इकून मला पन शेलूच्या खुराड्यात नेऊन टाकतील. माजं दुकान हितं हाय, गिऱ्हाईक हितं हाय. तुमी बांधलंत का ती पार्टी जाईल निघून. म्हनून सही करते."

मला तिचं खरं बोलणं आवडलं. चहा टाकला. ती गोठ्यात चहूकडे बघत होती, भांडी, भिंती, चुलीवरचा तवा. म्हणाली, "तुमची भाकरी बघायची होती मला एकदा."

"माजी भाकरी?"

"लगीन होऊन आले तवापासून ऐकते. 'मोठीची भाकरी बघ, कसा पापुद्रा सुटतो. मोठी बघ, कष्ट करून पोर शिकवते, कुनापुढं हात पसरत नाय. मोठीला कवा उलटून बोलताना ऐकलंस का? तू बघ, बसून खातीस.' एक दिस सोडला नाय आत्याबाईंनी. ताई, खरं सांगते, मला तुमचा लई राग यायचा. तुमी परसात दिसलात का माज्या पोटात आग पडायची."

मी चहा गाळत होते तो तसाच राहिला. कारण तुम्ही मला रोज काय सांगत होतात ते मला आठवत होतं. कढीलिंब तोडता तोडता, माझ्याकडे न बघता. धाकटीच्या हाताला चव आहे. धाकटी हसतमुख आहे. धाकटी घरात आली नि घराला घरपण आलं. मी ते धाकटीला सांगितलं, जसंच्या तसं. "मला? चव?" ती म्हणाली. "त्या माज्या आमटीत मीठ वरून घेतल्याबिगर कवा जेवल्या नाय!" आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता ती रडायला लागली. मी नाही रडले. मला वेगळंच काहीतरी झालं.

आत्याबाई, गोठा दिलात, वाट दिली नाहीत, कौलं दिली नाहीत, हे सगळं एका बाजूला ठेवते. पण माझ्या भाकरीला पापुद्रा सुटतो हे तुम्हाला दिसत होतं. मी उलटून बोलत नाही हे तुम्हाला कळत होतं. मी मुलीला कशी शिकवते हे तुम्ही रोज टोपली घेऊन येऊन बघत होतात आणि तुम्हाला ते चांगलं वाटत होतं. माझ्या नावाचे चार गोड शब्द तुमच्या तोंडात होते, आणि ते तुम्ही मला न देता तिला मारायला वापरलेत. तिचे मला मारायला वापरलेत. दोघींना मिळून या घरात एकमेकींचा किती आधार झाला असता! एक विधवेच्या जागी अडकलेली, एक सुनेच्या, मधे एक भिंत, आणि तुम्ही रोज त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाऊन येत होतात. त्या दिवसापर्यंत मी तुमच्यावर नुसती चिडलेली होते. त्या दुपारनंतर माझं अगदी पक्कं झालं की घर बांधायचं तर तुम्हाला दिसेल असंच बांधायचं.

ठेका कोणाला दिला नाही. मजुरीवर मिस्त्री घेतला आणि सामान मी स्वतः आणते. कामावरून सुटलं की खोपोलीत दुकानं फिरते, सळईचे भाव विचारते, सिमेंटची गोणी हातानं दाबून बघते. नगावर विटा घेताना भट्टीवर जाऊन दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकला. मिस्त्री शांत माणूस आहे, फार बोलत नाही. त्यानं विचारलं, "जोतं किती घ्यायचं?"

"पुढच्या घरापेक्षा वर."

त्यानं पुढच्या घराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पायऱ्या वाढतील, ताई. तुमाला गुडघ्याचा त्रास हाय ना?"

"गुडघे माजे हायत," मी म्हटलं.

स्वयंपाकघर रामफळाच्या जागी येणार. त्याची खिडकी तुमच्या मागच्या दारासमोर, जिथे तुम्ही भाजी निवडत बसायचात. न्हाणी घराच्या आत, कडी आतून. वर स्लॅब. कौल एकही घालणार नाही, हे मिस्त्रीला मी दोनदा सांगितलं, तो म्हणाला, स्लॅबवर कौल कोण घालतं?

विटांचा टेंपो आला त्या दिवशी खरी परीक्षा झाली. भाऊजींनी अंगणात नुकतेच रंगीत ब्लॉक बसवून घेतलेत, ती पार्टी बघायला येणार होती म्हणून. टेंपो फाटकाशी आला तसे ते बनियनवरच बाहेर आले आणि मधे उभे राहिले. "हितनं गाडी जायाची नाय. ब्लॉक दबतील." ड्रायव्हर म्हणाला, मग खाली करू का रस्त्यावर? रस्त्यावर उतरवल्या असत्या तर परसापर्यंत डोक्यावरून न्यायला आठवडा गेला असता आणि मजुरीचे पैसे तिथेच संपले असते. मी म्हटलं, "भाऊजी, मी कवाबी तुमच्याकडं काय मागितलं नाय." ते म्हणाले, "आता पन मागू नका."

तेवढ्यात धाकटी ओटीवरून खाली आली. हातात कात्री तशीच. ती सरळ टेंपोच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हात हलवायला लागली. "घे मागं. घे, घे, घे."

"तू आत जा," भाऊजी म्हणाले.

"आत जाऊन काय करू? जामीन मी हाय. काम अडलं, हप्ता बुडला, तर पतपेढीवाला माज्या दारात येनार. तुमी देनार काय त्याला उत्तर?"

भाऊजींना ती जामीन आहे हे माहीत नव्हतं. शेजारपाजारचे लोक कुंपणावर आले होते. भाऊजी एकदा तिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे, आणि मला वाटलं आता हात उचलतात की काय. पण त्यांनी खाली मान घालून आपली मोटरसायकल बाजूला घेतली. टेंपो मागे आला. एक ब्लॉक कचकन खाली दबला. तो आवाज मला आजही ऐकू येतो, आणि आवडतो. ती पार्टी पुढे आलीच नाही. भाऊजी दोन-तीन आठवडे आमच्या दोघींशी बोलले नाहीत, घरात ताट वाजवून मागायचे म्हणे.

गोठा पाडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, पहिला दगड मी काढणार. काढला. मुलगी सुट्टी घेऊन आली होती, आम्ही तिघींनी मिळून दगड रचून ठेवले, पाया भरायला चालतात म्हणून. न्हाणीचं ते दार मुलीनं अंगणात उभं धरलं आणि विचारलं, ह्याचं काय करू? मी म्हटलं, भंगारवाला येतो उद्या. सगळं सामान बाहेर काढल्यावर दोन पत्र्याच्या पेट्या आणि भांडी झाली, एवढंच. मी राहायला कुठे जाणार, हे मी ठरवलंच नव्हतं. तिथेच शेडसारखं काही उभारून राहीन म्हटलं होतं. धाकटीनं माझी एक पेटी उचलली आणि पुढच्या घरात नेऊन ठेवली. दुसरी न्यायला परत आली तर भाऊजी तिच्या आधी वाकलेले होते.

म्हणून सध्या मी तुमच्या घरात राहते. तुमच्या माजघरात झोपते. सकाळच्या पाळीला जायच्या आधी तुमच्या ओट्यावर भाकऱ्या भाजते, आणि धाकटी शेजारी उभी राहून पापुद्रा बघते आणि म्हणते, खरंच गं बाई. उद्या आखणी आहे. चुना आणून ठेवलाय. भाऊजी नारळ आणायला बाजारात गेलेत. परवा वाळूवाल्यानं ओली वाळू भरून पाठवली तेव्हा मी कामावर होते. त्यांनीच त्याला फाटकातून परत पाठवला आणि संध्याकाळी मला सांगताना त्याला ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या पुन्हा घातल्या.

आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. तुम्हालाच सांगायला हवं म्हणून लिहायला बसले, हे वर लिहिलं ते तितकं खरं नाही. या घरात आल्यापासून माझा राग पहिल्यासारखा राहिलेला नाही. पूर्वी डोळे उघडले की तो उशाशी असायचा. आता उठते, चहा घेते, दोघींच्या गप्पा होतात, आणि दुपार होते तरी तुमची आठवण निघत नाही. मला त्याची भीती वाटते. अजून पाया खणायचा आहे, कॉलम उभे राहायचे आहेत, स्लॅब पडायचा आहे, आणि कर्ज तर फेडायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. या वयात, दिवसभर चुलीपुढे उभं राहून झाल्यावर पुन्हा सामानाच्या मागे धावायला नुसती हौस पुरत नाही. मला तुम्ही लागता. म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले आणि एकेक दिवस आठवून लिहून काढला. राग थोडा आला परत. ही पानं मी जाळणार नाही, पाण्यात सोडणार नाही, पेटीत ठेवते आहे. स्लॅबच्या आधी पुन्हा एकदा वाचावी लागतील.